उभ्यानं वाचायचं पाकीट

फोन आला तेव्हा मी आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर टपालाच्या पेट्यांसमोर उभी होते. किल्ली पेटीत घातली होती, फिरवायची बाकी होती. पलीकडून, हॉस्पिटलमधून, शालूताईंचा धाकटा भाऊ प्रमोद बोलत होता. बहिणीजवळ राहायला म्हणून तो दहा दिवसांपूर्वीच नागपूरहून आला होता. "ताई, आत्ताच... पाच मिनिटं झाली," एवढंच तो म्हणाला. मी "हो, हो" म्हटलं, जसं काही दुधाचा निरोप घेत होते. मग किल्ली न फिरवताच काढून घेतली, लिफ्टमध्ये शिरले आणि नवव्या मजल्याचं बटण दाबलं. माझं घर सहाव्या मजल्यावर. नवव्यावर शालूताई राहायच्या. त्यांच्या दाराला कुलूप होतं, असणारच होतं, तरी मी तिथे बरीच उभी राहिले. या गोष्टीला आता सहा आठवडे होतील. तेव्हापासून ती पेटी मी उघडलेली नाही. ऑफिसातून येताना अभय, म्हणजे माझा नवरा, टपाल काढून आणतो आणि मला न दाखवता कपाटात ठेवतो.

मी भित्री आहे. हे मी लाजून लिहीत नाही, कारण ते कळल्याशिवाय शालूताई कोण होत्या हे कळायचं नाही. पालीला, अंधाराला मी भीत नाही. मी भिते ती कागदाला, तेही सरकारी कागदाला. पाकिटावर शिक्का दिसला की मी ते पालथं घालून ठेवते. पुण्यात आमच्या घरी कोर्ट हा शब्द हळू आवाजात उच्चारला जाई, जसा एखादा रोग. माझ्या एका काकांवर कुणीतरी वाटणीचा दावा लावला होता, तर आईनं शेजारी सांगितलं की ते तीर्थयात्रेला गेलेत. असल्या घरातून मी सिंगापूरला आले, आणि इथे तर आमचं सगळं राहणंच कागदावर. अभयच्या नोकरीचा एम्प्लॉयमेंट पास, त्या पासाला लटकलेला माझा पास, आणि आमच्या मुलीचा, ईशाचाही. त्याचा गेला की आम्ही तिघं विमानात. दर नूतनीकरणाच्या वेळी मी महिनाभर नीट जेवत नसे.

शालिनी रामटेके या बाई आमच्याच इमारतीत राहतात हे मला चार वर्षं माहीत होतं. जुरोंग ईस्टला एका प्रयोगशाळेत त्या पाण्याचे नमुने तपासायच्या. आमच्या मरीन परेडहून रोजचा एवढा लांबचा प्रवास, पाठीला सॅक, पायात कायम करड्या रंगाचे बूट, लग्न केलेलं नाही. मूळच्या भंडाऱ्याकडच्या, बौद्ध. लिफ्टमध्ये भेटलो की हसायच्या, मीही हसायची. माझ्याकडच्या हळदीकुंकवाला मार्केटपलीकडच्या कॉन्डोमधल्या बायका यायच्या, पण तीन मजले वरच्या शालूताईंना मी कधी बोलावलं नव्हतं. का, याचं उत्तर मला माहीत होतं आणि मी ते स्वतःला देत नव्हते. आता देते. आमच्या घरात ज्या काही गोष्टी हळू आवाजात शिकवल्या गेल्या होत्या, त्यातली ही आणखी एक होती.

माझ्या भीतीला कारण झाला माझा खलबत्ता. मिक्सरमध्ये गोडा मसाला तापतो आणि त्याचा वास उडून जातो, अशी आमच्या घरची ठाम समजूत. म्हणून लोखंडी खलबत्ता मी पुण्याहून सामानात घालून आणला होता. विमानतळावर त्याच्या वजनावरून अभयशी कडाक्याचं भांडण झालं होतं ते वेगळं. सकाळी नवरा ऑफिसला, मुलगी शाळेत, सगळी इमारत रिकामी, असं बघून दहाच्या सुमारास मी स्वयंपाकघराच्या फरशीवर मांडी घालून कुटायला बसे. माझा मसाला चांगला होई. ओळखीतल्या घरांतून मागणी येई आणि मी डबे भरभरून देई. पैसे कधी घेतले नाहीत, पण बदल्यात कुणी फणसाचे गरे, कुणी ईशाला फ्रॉक असं काही आणून देत. या पासावर परवानगीशिवाय काम करता येत नाही हे मला माहीत होतं. फ्रॉक म्हणजे मोबदला होतो का, हा प्रश्न मी कुणाला विचारायचं धाडस केलं नाही.

त्याच सुमाराला एका रविवारी अभयनं पेपरातलं वाचून दाखवलं होतं की शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या भांडणांसाठी आता इथल्या खालच्या न्यायालयात वेगळं न्यायाधिकरण झालं आहे. पूर्वी असल्या तक्रारींत फार तर समजूत घालत. आता आवाज, वास, सांडलेलं पाणी, सगळंच त्या न्यायालयाच्या कक्षेत आलं होतं. तो हसून म्हणाला, "बघ, आता कोर्टाची हद्द थेट आपल्या स्वयंपाकघरापर्यंत आली." मी हसले नाही. तोवर खालच्या मजल्यावरचे अंकल दोनदा वर येऊन गेले होते. दाराच्या भिंगातून मी त्यांना पाहिलं होतं. बारीकसे, चट्ट्यापट्ट्याची अर्धी चड्डी घातलेले, सत्तरीचे. श्वास रोखून मी दाराआड उभी राहिले आणि ते निघून गेले. तिसऱ्या वेळी दाराखालून चिठ्ठी आली. ती मी चार तुकडे करून कचरा खाली सोडायच्या नळीत टाकली. कुटणं मात्र थांबवलं नाही. थांबवलं असतं तर चूक कबूल केल्यासारखं झालं असतं, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं.

आणि मग पितृपक्षात ते पाकीट आलं. पांढरं, लांबट, डाव्या कोपऱ्यात न्यायालयाचं चिन्ह. अभयच्या पासाचा अर्ज नेमका तेव्हाच सरकारदरबारी गेलेला होता. मी काय केलं असेल? पितृपक्षात नवं काही सुरू करत नाहीत, मग हे कसं उघडायचं? मी ते पाकीट तसंच्या तसं देवघरात नेलं, देवांच्या तांबड्या वस्त्राखाली सारलं, वर हळदकुंकू वाहिलं आणि ठरवलं की घट बसले की उघडायचं. तोवर देव बघतील. अभयला सांगितलं नाही. रोज सकाळी पूजेला बसले की वस्त्राखालचा तो चौकोनी उंचवटा दिसे आणि अथर्वशीर्ष मध्येच चुके.

शालूताईंना ते कसं कळलं, तर मीच सांगितलं. लिफ्टमध्ये आम्ही दोघीच होतो. "काय झालं तुला? चेहरा पार उतरून राहिला," त्या म्हणाल्या, आणि चार वर्षांत जिला मी चहालाही बोलावलं नव्हतं तिच्यासमोर मी रडायला लागले. सहावा मजला आला, गेला. नववाही आला. मग त्या माझ्यासोबत पुन्हा खाली सहाव्यावर आल्या, बूट बाहेर काढले आणि देवघराच्या उंबऱ्याशी थांबल्या. आत आल्या नाहीत. "तूच काढ," म्हणाल्या. मी पाकीट काढलं आणि सोफ्यावर टेकणार, तेवढ्यात त्यांनी माझा दंड धरला.

"बसायचं नाही. उभ्यानं उघड. आणि मोठ्यानं वाच, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. खालचं बारीक छापलेलं पण."

"मला नाही जमायचं हो. तुम्हीच वाचा ना."

"मी वाचलं तर तुला फक्त माझा आवाज ऐकू येईल. वाच नं. मी आहे इथे."

मी वाचलं. एक शब्द तीनदा म्हणावा लागला. अंकलनी तक्रार नोंदवली होती. दोन्ही बाजूंनी हजर राहायचं होतं, आणि न आल्यास गैरहजेरीत आदेश होऊ शकतो असं खाली लिहिलेलं होतं. तारीख परवाची होती. घट बसायला अजून सहा दिवस होते. ती तारीख मोठ्यानं उच्चारली तेव्हा शालूताई म्हणाल्या, "झालं? आता बस." त्यांनी पाणी आणून दिलं. संध्याकाळी अभयला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, कोर्टाची नोटीस गणपतीखाली? गणपती जाणार होता का हजर राहायला?" त्यालाही भीती वाटली होती, ते त्याच्या कानांच्या पाळ्यांवरून मला कळलं. त्या लाल होतात.

अभयला रॅफल्स प्लेसच्या ऑफिसातून सुट्टी मिळेना, म्हणून शालूताई रजा घेऊन माझ्याबरोबर आल्या. कोर्टाच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून त्यांनी मला त्यांच्या वडिलांविषयी सांगितलं. भंडारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, कोर्टाच्या फाटकाबाहेर लिंबाखाली टेबल टाकून ते अर्ज लिहून देत. लोक नोटिसा घेऊन येत, कित्येकांना वाचता येत नसे. ते प्रत्येकाला उभं करून, स्वतःही उभं राहून मोठ्यानं वाचत. "बाबा म्हणायचे, बसून ऐकलं की माणूस बसतोच. घाबरल्यावर उठता येत नाही. उभा असला म्हणजे निदान चालायला तरी लागतो." आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मी तेव्हा नुसतं ऐकलं होतं. त्यांच्या लहानपणी मोठे दावे तालुक्याला चालत नसत, जिल्ह्याला जावं लागे. आदल्या दिवशी निघायचं, धर्मशाळेत झोपायचं, आणि तारीख पडली की परत. पुढे त्या तालुक्याच्या कोर्टाचे अधिकार वाढले. "त्या दिवशी बाबांनी पेढे वाटले. लोकांना वाटलं बाप्याला नोकरी लागली! अगं, हद्द वाढली म्हणजे कोर्ट तुझ्या घरात घुसलं असं काहून समजून राहिली तू? आमच्याकडे तर त्याचा अर्थ असा होता की, आता ऐकून घेणारं कुणीतरी चालत जाण्याएवढं जवळ आलं."

मी तिच्याकडे, म्हणजे त्यांच्याकडे, बघत राहिले. एकाच शब्दाला आमच्या दोघींच्या घरांत इतके वेगळे अर्थ होते.

आत पिंजरा नव्हता, काळे झगे नव्हते. एक टेबल, पाण्याचे पेले, आणि चष्मा लावलेल्या शांत न्यायाधीशबाई. मी इतकी घाबरले होते की त्यांनी नाव विचारल्यावर मी पासाचा नंबर सांगितला. अंकल माझ्याशेजारी बसून समोर बघत बोलले, "नाइट टाइम आय वर्क सिक्युरिटी. मॉर्निंग कम होम, स्लीप. दॅट टाइम ओन्ली, टोक टोक टोक. आय नॉक, नोबडी ओपन. आय राइट लेटर, नोबडी आन्सर. हाऊ?" रात्रभर पहारा करून हा माणूस सकाळी झोपायचा, आणि मी मात्र इमारत रिकामी आहे म्हणून नेमकी तेव्हाच त्याच्या डोक्यावर धणे कुटत होते. कुणाला त्रास नको म्हणून जी वेळ निवडली तीच चुकलेली. बाईंनी विचारलं, "काय कुटता?" माझ्या डोळ्यांपुढे तो फ्रॉक आला. "मसाला," मी कसंबसं म्हणाले, आणि पुढचा प्रश्न काय असेल या भीतीनं डोळे मिटले. पुढचा प्रश्न होता, "टेबलावर कुटता येईल का?"

येत होतं. रबराचा जाड तुकडा, त्यावर खलबत्ता, आणि वेळ दुपारी चारनंतरची. कागदावर दोघांनी सह्या केल्या. अंकल जाताना इथल्या ढंगाच्या इंग्रजीत म्हणाले, "ओपन डोअर कॅन ऑलरेडी, लाह. व्हाय सो स्केअर्ड?" दार उघडलं असतं तर हे काहीच झालं नसतं. पास दोन महिन्यांनी रीतसर मिळाला. त्या दिवशी बाहेर आले तर शालूताई उभ्याच होत्या, बाक रिकामा असूनही.

त्यानंतर त्या माझ्या कोण झाल्या ते सांगणं अवघड आहे. घट बसले तेव्हा त्या पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आल्या, आणि मला हे कबूल केलं पाहिजे की ते निमंत्रण देताना मी त्यांच्या नजरेला नजर देऊ शकले नाही. त्या म्हणाल्या, "येते नं. मसाल्याची आमटी कर." बस, एवढंच. चार वर्षांचा हिशेब त्यांनी कधी मागितला नाही. मागितला असता तर बरं झालं असतं असं कधी कधी वाटतं. हळूहळू माझ्यासारख्या आणखी बायका नवव्या मजल्यावर जायला लागल्या. शाळेचं पत्र, घरमालकाची नोटीस, पासाच्या कार्यालयाचं पाकीट... रविवारी सकाळी शालूताईंच्या हॉलमध्ये कुणीतरी उभ्यानं, रडवेल्या आवाजात इंग्रजी वाचत असे आणि त्या हाताची घडी घालून समोर उभ्या असत. कुणी बसायला लागलं की नुसती भुवई उचलायच्या. आमची ईशा म्हणायची, "शालू आन्टी नॉट स्केअर्ड ऑफ एनीथिंग, लाह." आम्हा सगळ्यांनाच तसं वाटायचं. माझी पेटीही आम्ही दोघी मिळून उघडायचो. त्यांची सातला परत यायची वेळ झाली की मी खाली जाऊन थांबायची.

एक संध्याकाळ मला आता सारखी आठवते. त्यांनी आपली पेटी उघडली, आतून एक पाकीट काढलं, त्यावरचं पाठवणाऱ्याचं छापलेलं नाव पाहिलं आणि सॅकच्या आतल्या कप्प्यात सरकवलं. "उघडा की," मी चेष्टेनं म्हणाले, "उभ्यानं!" त्या हसल्या. "माझं काय, हे घरी जाऊन पाहते." आणि लगेच ईशाच्या परीक्षेचं विचारायला लागल्या. मी परीक्षेचं सांगत बसले. लिफ्ट सहाव्यावर थांबली, मी उतरले, दार बंद झालं. दुसऱ्या दिवशी मी विचारलं नाही, त्याच्या दुसऱ्याही दिवशी नाही. मला वाटलं, त्यांना कशाला विचारायचं.

वर्ष उलटून गेल्यावर त्या प्रयोगशाळेत चक्कर येऊन पडल्या. तोपर्यंत दुखणं हाडांत गेलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, आधी काही जाणवलं नाही का, तेव्हा मी शेजारीच होते. शालूताई म्हणाल्या, "कळलंच नाही." डॉक्टर गेल्यावर त्या भिंतीकडे तोंड करून झोपल्या. पुढचे महिने मी लिहू शकत नाही. एवढंच लिहिते की त्यांनी कधी तक्रार केली नाही, आणि ते मला धैर्य वाटलं. आता मला खात्री नाही.

गेल्या रविवारी प्रमोदबरोबर त्यांचं घर आवरायला गेले. तो बहिणीसारखाच उंच, मितभाषी. पुस्तकं खोक्यांत भरून झाली होती, करडे बूट दाराशी तसेच होते. हॉलच्या कोपऱ्यात एका स्टुलावर बुद्धाची छोटी मूर्ती, खाली स्वच्छ पांढरं वस्त्र. प्रमोदनं दोन्ही हातांनी मूर्ती उचलली आणि मी वस्त्राची घडी करायला घेतली. त्याखाली पाकीट होतं. हॉस्पिटलचं. फ्लॅप चिकटलेला, जसा आला तसा. वस्त्रावर त्याचा चौकोन उमटला होता, म्हणजे ते बरेच महिने तिथे होतं. मला ती जागा ओळखू आली. माझ्या देवघरात त्यांनी ती पाहिली होती.

"काय आहे ताई?" प्रमोदनं विचारलं.

मला पळून जावंसं वाटलं. खरंच सांगते, मी दाराकडे पाहिलं. खुर्ची जवळच होती. मूर्ती खोक्यात ठेवून प्रमोद माझ्यासमोर येऊन उभा राहिला, हाताची घडी घालून, आणि मला कळलं की हाही त्याच लिंबाखाली वाढलेला आहे. मी पाकीट फाडलं आणि मोठ्यानं वाचायला लागले, एकेक वाक्य इंग्रजीत आणि मग त्याच्यासाठी मराठीत. तारीख दीड वर्षापूर्वीची. तपासणीत एक गाठ दिसली आहे. घाबरून जाण्याचं कारण नाही, बहुतेक वेळा असं काही निघत नाही, पण पुन्हा तपासणं आवश्यक आहे. शक्य तितक्या लवकर यावं. त्याखाली वेळ, मजला, खोली. मी थांबले.

"बारीक छापलेलं राहिलं," प्रमोद म्हणाला.

ते शेवटच्या ओळीत होतं. मी इंग्रजीत वाचलं. मराठीत सांगताना शब्द चुकले, तेव्हा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि शेवटपर्यंत गेले. तपासणीला येताना भीती वाटत असल्यास, सोबत घरच्या कुणाला किंवा मैत्रिणीला आणलं तरी चालेल.

मग मी खाली बसले.